बाइक जुनी, टायर मात्र ताजा हवा!

वाडीतल्या पडवीत ताडपत्रीखाली बाबांची किंवा काकांची जुनी बाइक उभी होती. कार्बोरेटर साफ झाला, नवी बॅटरी बसली, दोन-चार किक मारल्यावर तिने आवाजही दिला. आता मनात पहिला विचार काय येतो? मागे मस्त जाडजूड टायर टाकू, लूकच बदलेल!

थांबा जरा. होळीतून स्टेशनकडे निघालात की बाइक रस्त्याला टेकते ती दोन लहानशा रबरी तुकड्यांवर. प्रत्येक तुकडा जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळण, तोल, सगळा भार त्यांच्यावर. आणि पावसाळ्यात आपल्या वसईचे रस्ते कसे होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिला नियम: जाड म्हणजे जास्त ग्रिप, हे डोक्यातून काढून टाका. यामाहा आरएक्स १०० घ्या. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली, ११ हॉर्सपॉवरची हलकी गाडी. तिला कंपनीचा टायर पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ असा सडपातळच यायचा. तिच्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा मूळ आकार बिघडतो. गाडी वळायला जड होते, पिकअप मरतो आणि टायर मागच्या चिमट्याला किंवा चेनला घासू शकतो. म्हणजे पैसे घालून गाडी बिघडवायची!

मग योग्य साइझ कसा ओळखायचा? गाडीचं मॅन्युअल किंवा चेनकव्हरवरचं स्टिकर शोधा. जुन्या टायरवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधीच्या कुणीतरी तो बदललेला असू शकतो. २.७५-१८ म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि रिम १८ इंचांची. हल्ली ८०/१००-१८ असंही लिहितात. यात ८० ही मिलिमीटरमधली रुंदी, तर १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शंभर टक्के. पूर्वी २.७५-१८ वर धावणारी स्प्लेंडर आता ८०/१००-१८ वर येते.

साइझनंतर ४२पी, ४८पी असं काहीतरी दिसेल. ४२ म्हणजे टायर १५० किलो पेलतो, ४८ म्हणजे १८० किलो. ‘पी’ ही वेगाची मर्यादा, ताशी १५० किलोमीटर. मागे मित्र आणि त्याची सॅक बसणार असेल तर हा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायरचं वय. जुन्या साइझचे टायर रोज खपत नाहीत, त्यामुळे दुकानात पडून राहतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानदाराला न लाजता तारीख दाखवायला सांगा. घरच्या गाडीचंही तसंच. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. ‘अजून चालेल’ म्हणत त्यावर महामार्ग गाठू नका.

‘ट्यूबलेसच टाक’ असा सल्ला हमखास मिळेल. पण जुन्या गाडीचं चाक स्पोकचं असतं आणि साध्या स्पोकच्या रिममधून हवा निसटते. तिथे ट्यूब लागणारच. टायर बदलताना ट्यूब आणि स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टीही नवीच घ्या. टायर उतरला की रिम आतून बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज पटकन धरतो आणि तोच गंज नवी ट्यूब फाडतो.

नक्षी निवडताना गाडी कुठे चालवणार ते आठवा. रोज डांबर आणि काँक्रीट असेल तर बटन टायरची हौस नको. पाणी बाहेर फेकणारे सलग खोबण असलेले साधे टायर बरे. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेलाच आहे ना, हे बसवतानाच तपासा.

नवा टायर बसला की लगेच रेस नको. त्याचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत, निदान पहिले शंभर किलोमीटर, गाडी जपून वाकवा. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासा.

बजेट कमी असेल तर पेंट, स्टिकर, सायलेन्सर पुढच्या महिन्यावर ढकला. टायर मात्र पावसाच्या आधीच घ्या.