काळ्या टोपीचा शेजारी

गेल्या जानेवारीत अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात धाकट्या भावाकडे गेलो, तो आईला परत आणायला. ती तेथे पाच महिने होती. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरातली माणसे सकाळीच कामाला जाणारी. फोनवर तिचा आवाज उतरलेला वाटे. पण मी पोचलो त्याच दिवशी तिने मला खिडकीशी नेले व म्हणाली, "हा बघ माझा शेजारी!"

परसात सूर्यफुलाच्या बियांचे खोके टांगले होते, त्यावर एक पाखरू. चिमणीहून लहान, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली काळे लाळेरे, मधले गाल पांढरेशुभ्र, पाठ करडी, कुशी फिकट बदामी. नाव चिकडी. 'चिक-ए-डी-डी' या त्याच्या ओरडण्यावरूनच ते पडले. आपल्या सह्याद्रीतही त्याचा एक करडा चुलतभाऊ आहे.

स्वारी एकच बी उचलते, फांदीवर नेऊन पायांत धरते आणि चोचीने फोडते. शरदात ती एकेक बी सालीच्या निराळ्या फटीत लपवते. अशा शेकडो जागा, आणि त्या कित्येक आठवडे ध्यानात! मला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

भाषेचा मास्तर म्हणून मला मौज वाटली ती 'डी'ची. ख्रिस्तोफर टेम्पलटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले, की शत्रू जितका घातकी तितके 'डी' अधिक. थोरल्या शिंगी घुबडासाठी थोडे. पिंगळ्याहूनही लहान घुबडासाठी पुष्कळ. थोरल्याला या चपळ पाखराचा पाठलाग जमत नाही, धाकट्याला जमतो. आपण जोर द्यायला 'हळूहळू' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

एका रात्री पारा शून्याखाली पंचवीस अंशांवर गेला. आईला झोप येईना. "अरे, एवढासा जीव तो, कुठे असेल रे?"

मी वाचलेले सांगितले. हा पक्षी थंडीत दक्षिणेला जात नाही. झाडाच्या ढोलीत एकटाच पिसे फुलवून बसतो; अंगाची ऊब सुमारे दहा अंशांनी उतरवतो आणि दिवसभरात साठवलेल्या चरबीवर कुडकुडत रात्र काढतो. सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून खायचे. वसंतात जोडी कुजक्या खोडात घर कोरते, मादी सहा ते आठ अंडी घालते.

"पण आज जगेल ना?"

यावर मी काय बोलणार?

उजाडताच ती शाल गुंडाळून खिडकीशी उभी होती. बराच वेळ खोके रिकामेच हलत होते. मग काळी टोपी आली, एक बी घेऊन गेली, पुन्हा आली.

चहा ओतताना आई म्हणाली, "वसंतात घर करतात म्हणालास ना? मग माझं तिकीट जूनचं काढ."

मी एकटाच परतलो.