गाला रद्द, मदत चालू: २०२० मध्ये एलजीबीटीक्यू संस्थांनी निधी कसा उभा केला?

(या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, सगळे नाही. हेडफोन नसेल तर इथेच वाचा.)

आजचा विषय वरवर झगमगाटी आहे, पण खाली सगळा हिशोब आहे. परदेशात सामाजिक संस्था ‘गाला’ करतात. भारी हॉटेल, भारी कपडे, स्टेजवर सेलिब्रिटी आणि त्या एका संध्याकाळी वर्षभराच्या कामाचा मोठा पैसा गोळा. आता विचार करा, ज्या वर्षी चार माणसांनी एकत्र बसायचीच बंदी झाली, त्या वर्षी या संस्थांचं काय झालं असेल? त्यातही एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं, ज्यांच्याकडे मदत मागणाऱ्यांची गरज त्याच वर्षी वाढली होती?

०१:४० – गालाचा पैसा नक्की येतो कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं तिकिटातून. तिकीट हा एक भाग झाला. आपल्या गणपती मंडळाचं बघा. घरोघरची वर्गणी असते, पण मांडवाचा मोठा खर्च निघतो कमानीवरच्या आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींतून. गालाचंही तसंच आहे. कंपन्या अख्खं टेबल विकत घेतात आणि त्यावर आपले कर्मचारी, ग्राहक बसवतात. प्रायोजकांचे लोगो लागतात. वस्तूंचा लिलाव होतो. मग जेवण झाल्यावर सूत्रसंचालक विचारतो, ‘दहा हजार डॉलर कोण देणार?’ आणि लोक नंबर लिहिलेल्या पाट्या वर करतात. शेजारच्याने पाटी वर केली की आपलाही हात वर जातो. मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन दारात आल्यावर आपण शेजाऱ्याचा आकडा बघतोच ना, तेच.

म्हणजे गालाचं खरं इंजिन काय? एका खोलीत बसलेली माणसं. २०२० मध्ये नेमकी तीच खोली गेली.

०३:३० – मार्च २०२०

एक ठोस उदाहरण घेऊ. ‘ग्लाड’ ही अमेरिकेतली संस्था १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. सिनेमा, टीव्ही, बातम्या यांत एलजीबीटीक्यू माणसं कशी दाखवली जातात यावर ती काम करते. १९९० पासून ती मीडिया अवॉर्ड्स देते आणि हा पुरस्कार सोहळाच तिचा मोठा गाला असतो. २०२० चा न्यूयॉर्कचा सोहळा १९ मार्चला ठरला होता. १२ मार्चला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी ५०० पेक्षा जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली, ब्रॉडवेची नाटकं बंद झाली. हा सोहळाही रद्द झाला.

आता दुसरी बाजू बघा. ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ ही १९९८ पासूनची संस्था एलजीबीटीक्यू मुलांसाठी चोवीस तास फोन, मेसेज आणि चॅटवर समुपदेशन देते. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद, हॉस्टेल रिकामी, मुलं घरी. ज्याच्या घरात त्याच्याबद्दल माहीत नाही, किंवा माहीत आहे पण मान्य नाही, त्याच्यासाठी ‘स्टे होम’चा अर्थ वेगळाच होता. फोनवर बोलायचं तर बाजूच्या खोलीत बाबा, म्हणून मग चॅट. आणि चॅटच्या दुसऱ्या टोकाला प्रशिक्षित माणूस लागतो. त्याचं प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, रात्रपाळी यांना पैसे लागतात. ‘कार्यक्रम पुढच्या वर्षी करू’ म्हणता येतं. ‘तू पुढच्या वर्षी मेसेज कर’ असं म्हणता येत नाही.

०५:५० – तीन रस्ते

या काळात साधारण तीन प्रकारचे उपाय दिसले.

पहिला: थांबा, मग छोटं करा. ग्लाडने तोच सोहळा ३० जुलै २०२० ला ऑनलाइन केला. फॉर्च्युन फाईमस्टर आणि जीना यशेरे या दोन विनोदी कलाकारांनी सूत्रसंचालन केलं. कार्यक्रम फेसबुक आणि यूट्यूबवर फुकट दिसला. ‘शिट्स क्रीक’, ‘पोझ’ या मालिकांना पुरस्कार मिळाले. यात एक गोष्ट लक्षात घ्या. हॉटेलच्या हॉलमध्ये काही शे माणसं मावतात आणि प्रत्येक खुर्चीची किंमत असते. ऑनलाइन कितीही लोक येतात, पण खुर्चीच नाही तर विकणार काय? पोच वाढते, दर माणशी उत्पन्न कोसळतं.

दुसरा: तिकीट ठेवा, पण स्वस्त करा. एल्टन जॉन यांची एड्स फाउंडेशन एचआयव्हीवर काम करते आणि त्यात एलजीबीटीक्यू समुदायासाठी मोठं काम आहे. ऑस्करच्या रात्री लॉस एंजेलिसच्या बाजूला वेस्ट हॉलीवुडमध्ये तिची पार्टी असते. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे सगळं बंद पडायच्या जेमतेम महिनाभर आधी, या एका पार्टीतून सुमारे ६४ लाख डॉलर जमले होते. २५ एप्रिल २०२१ ला मात्र ही पार्टी पहिल्यांदाच ऑनलाइन झाली: एक तासाचा शो, सोबत नील पॅट्रिक हॅरिस, गायला दुआ लिपा, तिकीट १९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण दीड हजार रुपये.

आता मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर काढा. फक्त २० डॉलरच्या तिकिटांवर ६४ लाख डॉलर जमवायचे तर तिकिटं किती विकावी लागतील? ३ लाख २० हजार! म्हणजे स्वस्त तिकीट हे जुन्या टेबलाची जागा घेऊच शकत नाही. प्रायोजक आणि मोठे देणगीदार लागतातच. स्वस्त तिकिटाचं काम वेगळं आहे: ज्याला त्या पार्टीचं आमंत्रण आयुष्यात कधी आलं नसतं, त्याला दारातून आत घेणं. तो पुढच्या वर्षी परत येतो का, यावर खरा फायदा ठरतो.

तिसरा: सगळंच फुकट, सगळ्या जगासाठी. जून १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिला प्राईड मोर्चा निघाला, म्हणजे २०२० हे त्याचं पन्नासावं वर्ष. नेमका तेव्हाच रस्ता बंद. मग वेगवेगळ्या देशांतल्या प्राईड संघटनांनी मिळून २७ जून २०२० ला ‘ग्लोबल प्राईड’ नावाचं चोवीस तासांहून लांब प्रसारण केलं. त्यात पैसा हा मुख्य मुद्दाच नव्हता. आपण अजून आहोत हे एकमेकांना दिसणं, हा मुद्दा होता.

०८:४५ – आता थोडं माझ्या धंद्यातलं

मी इंजिनिअर, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘झूमवर घेऊ’ म्हणणं सोपं आहे. पण हॉलमधली प्रत्येक गोष्ट स्क्रीनवर आणताना काहीतरी तुटतं.

पहिली अडचण, उशीर. बरीचशी लाईव्ह स्ट्रीम व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवते. सहा सेकंदांचा एक तुकडा आणि प्लेअर साधारण तीन तुकडे साठवून मग सुरू होतो. झाले की १८ सेकंद, वर प्रक्रियेचा वेळ वेगळा. भाषण ऐकायला याने काही फरक पडत नाही. पण लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ तुम्हाला ऐकू येईपर्यंत तिकडे हातोडा पडलेला असतो. म्हणून शहाण्या आयोजकांनी लिलाव वेगळ्या ॲपवर नेला, काही दिवस आधी उघडला आणि कार्यक्रमात फक्त निकाल सांगितला. व्हिडिओ कॉलमध्ये उशीर एका सेकंदाच्या आत असतो, पण तिथे हजारो माणसं चढवणं अवघड आणि महाग.

दुसरी अडचण, गाणी. हॉटेलच्या हॉलमध्ये गाणं वाजवायला साधारणपणे सार्वजनिक वादनाचा परवाना पुरतो. तेच गाणं व्हिडिओला जोडून टाकलं की वेगळा हक्क लागतो, त्याला सिंक लायसन्स म्हणतात. तो घेतला नसेल तर यूट्यूबची यंत्रणा ऐन कार्यक्रमात प्रसारण थांबवू शकते. भावनिक क्षण आला आणि स्क्रीन बंद झाली, कोण देणार देणगी?

तिसरी अडचण, लक्ष. हॉलमध्ये माणूस तीन तास बसतो, कारण जेवण आहे आणि उठून जाणं बरं दिसत नाही. मोबाईलवर अंगठा एक इंच सरकला की आपण गायब. म्हणून एल्टन जॉन यांचा शो तासाचा. म्हणून बराचसा भाग आधीच रेकॉर्ड केलेला आणि थोडासाच लाईव्ह. आणि देणगीचं बटण शेवटी नाही, पूर्ण वेळ स्क्रीनवर.

एक गोष्ट मात्र ऑनलाइनमध्ये खरंच सोपी झाली. अमेरिकेत गालाच्या तिकिटावर करसवलत मोजताना जेवणाची किंमत वजा करतात. तिकीट ५०० डॉलरचं आणि जेवण १५० चं असेल, तर सवलत ३५० वर. जेवणच नाही म्हटल्यावर वजा काय करणार? शिवाय २०२० साली तिथल्या सरकारने साधं विवरणपत्र भरणाऱ्यांनाही ३०० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीवर सवलत दिली. छोट्या देणगीदाराला बोलवायला हे बरं कारण होतं.

१२:१० – सूर बदलला

मे महिन्याच्या शेवटी मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि अमेरिका रस्त्यावर उतरली. १४ जूनला ब्रुकलिनमध्ये हजारो लोक पांढरे कपडे घालून कृष्णवर्णीय ट्रान्स व्यक्तींसाठी जमले. अशा महिन्यात शॅम्पेनचे ग्लास आणि चकाकते गाऊन दाखवणं शोभणार होतं का? त्या वर्षी जुळवून घेणं म्हणजे फक्त हॉलवरून स्क्रीनवर जाणं नव्हतं. बोलणार कोण, पैसा कोणापर्यंत पोचणार, हे प्रश्न पुढे आले. गालावरची जुनी टीकाही तीच आहे: ज्यांच्यासाठी पैसा जमतो, ती माणसं त्या टेबलांवर बसलेली नसतात. पडद्यावर निदान त्यांना माईक देणं स्वस्त झालं.

१३:३० – दिसणं आणि लपणं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑनलाइन कार्यक्रमाला जायला कपडे लागत नाहीत, प्रवास लागत नाही, आणि कोणी तुम्हाला दारात बघत नाही. सातारच्या एखाद्या मुलाला मुंबईच्या कार्यक्रमाला जायचं तर घरी दहा उत्तरं द्यावी लागतात. ‘कशिश’ हा मुंबईचा क्वीअर चित्रपट महोत्सव २०२० मध्ये २२ ते ३० जुलै असा ऑनलाइन झाला. तो मुलगा हेडफोन लावून घरबसल्या सिनेमा बघू शकला असेल.

पण उलटंही खरं आहे. घरात एकच मोबाईल असेल तर? ब्राउझरच्या हिस्टरीत नाव राहिलं तर? फेसबुकवरून देणगी दिली आणि ती काकांच्या फीडमध्ये दिसली तर? यूपीआयच्या यादीत संस्थेचं नाव वाचून आईने विचारलं तर? कलम ३७७ बद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला. कायदा बदलला, पण घराघरातले प्रश्न त्या दिवशी बदलले नाहीत. म्हणून असा कार्यक्रम करणाऱ्याने ‘निनावी देणगी’ हा पर्याय पहिल्या स्क्रीनवर ठेवावा, कॅमेरा आपोआप बंद ठेवावा, आणि प्रेक्षकांची नावं एकमेकांना दिसू देऊ नयेत. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन-तीन चेकबॉक्सचं काम आहे. चुकीचा चेकबॉक्स एखाद्याचं घर तोडू शकतो.

१५:४५ – तुम्ही करणार असाल तर

कॉलेजचा ग्रुप, कंपनीतला प्राईड गट, कोणीही असा छोटा कार्यक्रम करू शकतो. चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, आधी आकडा ठरवा आणि त्याचं काय होणार ते सांगा. ‘समाजासाठी मदत’ यापेक्षा ‘इतक्या लोकांचं महिन्याचं रेशन’ यावर माणूस लवकर हात घालतो.

दोन, मोठी देणगी आधी पक्की करा. एखादा म्हणाला, ‘आज जेवढे जमतील तेवढेच मी घालतो,’ तर वर केलेल्या पाटीची जागा हे वाक्य भरून काढतं.

तीन, पावती. आपल्याकडे ८०जी ची सवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. संस्थेकडे ८०जी आहे का ते आधी विचारा.

चार, परदेशातले मित्र. भारतीय पासपोर्ट असलेला न्यू जर्सीचा मित्र स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतो. लिंक ग्रुपवर टाकण्याआधी हे बघा, नाहीतर मदत करायला जाल आणि संस्थेला अडचणीत आणाल.

१७:५० – मग जमलं का?

काही बाबतीत जमलं, काही बाबतीत नाही. हॉल परत उघडल्यावर मोठे गाला पुन्हा हॉलमध्ये गेले, कारण हात वर करायला लावणारी ती खोली स्क्रीनवर तयार होत नाही. पण स्वस्त तिकीट, घरून बघण्याची सोय, पडद्यावरचे सबटायटल्स, निनावी देणगी या गोष्टी ठेवण्यासारख्या आहेत. आपल्याकडे त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. एखाद्या गोष्टीचं बाहेरचं रूप काढून घेतलं की ती नक्की कशासाठी होती ते कळतं. गालाच्या बाबतीत उत्तर सोपं होतं: रात्री दोन वाजता कोणीतरी ‘हॅलो’ टाईप केलं, तर समोरून उत्तर यावं.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या कॉलेजने किंवा कंपनीने असा कार्यक्रम केला असेल तर काय चाललं, काय फसलं ते नक्की कळवा, पण कोणाचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. एपिसोड आवडला तर एका मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!