गाडी खाली बसली, शाफ्ट रुसला!

नगर हे गाड्यांची पारख असलेले गाव. संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था इथलीच, रणगाड्यांचे संग्रहालयही इथलेच. तेव्हा आमच्या सावेडी उपनगरातल्या एखाद्या तरुणाला गाडीचे वेड लागले, तर नवल ते काय?

शेजारच्या वकीलसाहेबांच्या चिरंजिवांनी आजोबांची ॲम्बॅसडर हौसेने ‘खाली बसवली’. पुढची बाजू उतरवली, मागच्या कमानींचे पाटे चपटे करून घेतले. गाडी चार बोटे खाली आली, मोठी रुबाबदार दिसू लागली. पण ताशी 60 किलोमीटरचा वेग गाठला की मागची बैठक घुमू लागे. चाकांचा तोल पाहिला, टायर बदलले, घुमणे जाईना. वकिलीणबाईंनी गाडीत बसायचेच सोडले. त्यांचे काही चुकले नाही. असली थरथर सांधे खाते, आणि भर वेगात सांधा निखळला तर शाफ्टाचे टोक रस्त्याला टेकते. पुढचे बोलायलाच नको.

अखेर एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी गेली. कुतूहलाने मीही गेलो.

“दादा, गाडी उतरवलीत, पण शाफ्टाला विचारलंत का?” मिस्त्री हसून म्हणाले.

वाचकहो, ही भानगड समजण्याजोगी आहे. ॲम्बॅसडरचे इंजिन पुढे, ओढ मात्र मागच्या चाकांना. मधला लांब नळीसारखा शाफ्ट ती ताकद पोचवतो. मागचा धुरा खड्ड्यांतून वर-खाली होतो, म्हणून शाफ्टाच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. 17 व्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने या सांध्याचा अभ्यास केला; इंजिनिअरिंगची मुले त्याच्याच नावाने तो ओळखतात.

या सांध्याला एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने गती एकसारखी दिली, तरी दुसऱ्या बाजूला ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा घटते. 20 अंशांच्या कोनात 100 ची गती 94 ते 106 अशी हेलकावते. उपाय मोठा गमतीचा. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवायचे, दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे. मग पहिल्याने बिघडवलेले दुसरा निस्तरतो!

मिस्त्रींनी गाडी सपाट जमिनीवर, चारी चाकांवर उभी ठेवूनच कोन मोजले; जॅकवर धुरा लोंबतो नि माप खोटे येते. गिअरबॉक्सचा मागे उतार 3 अंश, शाफ्टाचा 1, डिफरन्शियलच्या तोंडाचा 7. म्हणजे पुढचा सांधा 2 अंश वाकलेला, मागचा 6! कमानी चपट्या होताना धुरा किंचित फिरला होता.

“मग सगळं एका रेषेत सरळच करा ना,” चिरंजीव म्हणाले.

“नको. क्रॉसमधल्या बारीक सुया हलत्या राहायला अर्धा-एक अंश वाक हवाच. नाहीतर एकाच जागी दाबून खाचा पडतात.”

त्यांनी कमान आणि धुरा यांच्यामध्ये 5 अंशांची पोलादी पाचर बसवली. तोंड 2 अंशांवर आले. 3 वर का नाही? ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियलचे तोंड जरा वर उचलते. राहिलेला अंश तिथे भरून निघतो.

घुमणे थांबले. मग वकीलसाहेबांनी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 चिरंजिवांना वाचून दाखवले. नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. गाडी पुन्हा वर घ्यायची की काय, हा खटला घरात अजून चालू आहे. वकिलीणबाई मात्र मागच्या बैठकीवर निर्धास्त बसू लागल्या आहेत.