*पिल्लू मठ्ठ आहे, की त्याला दिसत नाही?*



आजचा विषय पिकाचा नाही, पण मळ्याच्या राखणीचा आहे. चाळीत कांदा भरला की राखणीला कुत्रं हवंच, म्हणून मळ्यावर पिल्लू आणलं जातं. चार-पाच महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. हाक मारली की येतं, पण टाकलेला भाकरीचा तुकडा सापडत नाही. अंधार पडला की ओट्यावरून उतरत नाही. हात लावला की दचकून चावायला येतं. आपण त्याला मठ्ठ, भित्रं किंवा चावरं म्हणतो. कधी कधी खरी अडचण डोळ्यांत असते.

*हे लवकर का कळायला हवं?*
बिनकठड्याची विहीर आणि शेततळं आपल्या सगळ्यांकडे आहे. शेततळ्याचा कागद गुळगुळीत असतो, आत पडलेल्या कुत्र्याला वर चढता येत नाही. नाशिक जिल्ह्यात बिबट्याचा वावर आहे, आणि कमी दिसणारं, साखळीला बांधलेलं कुत्रं त्याच्या सहज हाती लागतं. शिवाय न दिसणारं पिल्लू घाबरून घरातल्या लेकराला चावू शकतं.

*आधी वय बघा*
पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात. सुरुवातीचे काही आठवडे बुबुळावर निळसर झाक असते, ती आपोआप जाते. नजर नीट बसायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून खाली दिलेली तपासणी पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावरच करा.

*लक्षात येण्यासारख्या खुणा*
▪️ नव्या जागेत खाटेला, बादलीला, दाराला धडकतं
▪️ भिंतीच्या कडेकडेने, नाक जमिनीला लावून चालतं
▪️ पायरी उतरताना थबकतं, पायाने चाचपतं
▪️ दिवसा ठीक, पण संध्याकाळी अंगाला चिकटून राहतं
▪️ उन्हातही डोळ्याची बाहुली मोठीच दिसते
▪️ बुबुळ पांढरं, निळसर किंवा ढगाळ दिसतं

घरच्या अंगणात मात्र फसगत होते. कुत्र्याचं नाक आणि कान तेज असतात, आणि रोजची वाट त्याला पाठ होते. त्यामुळे एका डोळ्याने न दिसणारं पिल्लू घरी अगदी चांगलं वाटतं. खाट किंवा कॅरेट जागेवरून हलवलं, की खरा प्रकार कळतो.

*घरच्या घरी तपासणी (१० मिनिटं)*

१️⃣ *कापूस:* पिल्लासमोर वरून कापसाचा बोळा सोडा. कापसाला आवाज नाही, वास नाही. दिसत असेल तर नजर त्याच्यामागे जाते. दोन-तीन वेळाच करा, नंतर ते कंटाळून बघत नाही.

२️⃣ *कॅरेटची वाट:* अनोळखी जागी ५-६ रिकामे कॅरेट वेडेवाकडे मांडा. पलीकडून एकदाच हाक मारा. आधी उजेडात आणि मग दिवेलागणीला मांडणी बदलून बघा. दिवसा नीट आलं आणि संध्याकाळी धडकलं, तर रात्रीची नजर कमी आहे. लॅब्रॅडॉरसारख्या काही जातींत पडद्याचा आनुवंशिक आजार असतो. त्यात आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. राखणीच्या कुत्र्याचं कामच रात्रीचं, म्हणून ही तपासणी चुकवू नका.

३️⃣ *एक-एक डोळा:* एक डोळा हाताने झाका. दुसऱ्यासमोर हात पुढे न्या, वारा लागू देऊ नका आणि मिशांना स्पर्श नको. दिसत असेल तर पापणी मिटते.

४️⃣ *बॅटरी:* अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी क्षणभर दाखवा. बाहुली लहान व्हायला हवी. बाहुली लहान झाली म्हणजे दिसतंच असं नाही, पण झाली नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

तपासणी करताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पिल्लू बुजतं, तेव्हा हाच व्हिडिओ कामाला येतो.

*कारणं काय असतात?*
▪️ जन्मजात किंवा आनुवंशिक दोष, लहान वयातला मोतीबिंदू
▪️ डिस्टेंपर आणि कावीळ (हिपॅटायटिस) हे विषाणूजन्य आजार. लस दिलेल्या पिल्लाला यांचा धोका फार कमी. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. रेबीजची लस तीन महिन्यांना.
▪️ गोचीड तापामुळे डोळ्यात सूज किंवा रक्त
▪️ मळ्यातली इजा: बोर्डोसाठी आणलेला चुना, फवारणीचं औषध, रुईचा चीक, डाळिंबाचा काटा, मांजराचं नख

*🔴 त्याच दिवशी दवाखाना गाठा*
▪️ डोळा घट्ट मिटून घेतो, सतत पाणी किंवा पू येतो
▪️ डोळा एकाएकी लाल, पांढरा किंवा मोठा झाला
▪️ कालपर्यंत दिसत होतं, आज दिसत नाही
▪️ फवारणीनंतर लाळ, थरथर आणि बारीक झालेली बाहुली. ही विषबाधा असू शकते, औषधाची बाटली सोबत न्या.

डोळ्यात चुना किंवा औषध गेलं असेल तर वाट बघू नका. तोंडावरची कोरडी पावडर आधी झटका, मग पिण्याच्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

*❌ हे करू नका*
डोळ्यात कांद्याचा रस, लिंबू, मध, तुरटी, तंबाखूचं पाणी घालू नका. घरात पडलेले माणसाचे ड्रॉप तर नकोच. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर जखम वाढून डोळा कायमचा जाऊ शकतो.

*⚠️ रेबीजची शंका असेल तर तपासणी करूच नका*
स्वभाव अचानक बदलला, आवाज बदलला, लाळ गळते, गिळता येत नाही, पाय लटपटतात, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. लेकरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. जखमेवर मिरची, चुना लावू नका.

*नजर परत येणार नसेल तर?*
टाकून देऊ नका. आंधळं कुत्रंही चांगलं जगतं, फक्त त्याला एकट्याने राखणीला ठेवू नका. त्याचं पाणी आणि झोपायची जागा बदलू नका. हात लावण्याआधी नावाने हाक मारा, लेकरांनाही ही सवय लावा. विहीर आणि शेततळ्याकडे जाणारी वाट कुंपणाने बंद करा. रात्री साखळीला उघड्यावर न बांधता बंद खोलीत किंवा जाळीत ठेवा. दोष आनुवंशिक निघाला तर त्याची पिल्लं घेऊ नका.

*कुठे दाखवायचं?*
आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, कुत्र्यासाठी सेवा मिळेल का ते फोनवर विचारून घ्या. मोतीबिंदूसारखा प्रकार असेल तर डॉक्टर मोठ्या ठिकाणी पाठवतील. मोतीबिंदू वेळेत लक्षात आला तर ऑपरेशनचा विचार होऊ शकतो.

या आठवड्यात एक संध्याकाळ काढा आणि कॅरेटची वाट मांडून बघा. शेजारच्या मळ्यावर पिल्लू असेल तर हा मेसेज त्यांनाही पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, देवळा
सभासद संदेश सेवा