भोंग्यावर एलपी? मुळीच नको!

‘घरी आजोबांचा भोंग्याचा ग्रामोफोन आहे, आता चार एलपी आणल्या की झालं!’ हे इतक्या जणांनी ऐकवलंय की हल्ली मी आधी विचारतो, अजून लावली नाहीत ना? रील्समध्येही तेच. पितळी भोंगा, चावी देणारा हात आणि खाली गरगरणारी एलपी. बघवत नाही.

चावीचा ग्रामोफोन मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी आहे, आणि ती तबकडी व्हायनलची नसते. ती लाखेची, म्हणजे सुतार पॉलिशला वापरतात त्या चपड्याची. त्यात दगडाची बारीक पूड कालवत, तीही मुद्दाम. पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या आसपास. तो पेलायला तबकडी कडक हवी, शिवाय पहिल्या काही फेऱ्यांत तिनेच पोलादी पिन घासून चराच्या मापाची करून घ्यायची. झिजायचं ते पिनेने. म्हणून तर पिनांच्या डब्यांवर ‘एक पिन एकदाच वापरा’ अशी सूचना छापलेली असे.

एलपी १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणली, ती व्हायनलची. तिचा चर ७८ वाल्या तबकडीच्या साधारण एक तृतीयांश रुंद. आजच्या टर्नटेबलवर तिच्यावर भार पडतो दीड-दोन ग्रॅम. त्या मऊ प्लास्टिकवर ती जाड पोलादी पिन टेकवली की ती चरात नीट उतरतच नाही, कडा खरवडत जाते. मग पुढे कितीही महागडं टर्नटेबल घ्या, खरखर कायमची. त्यात वेग. ३३⅓ फेऱ्यांची एलपी ७८ ने फिरवली तर २२ मिनिटांचा ख्याल साडेनऊ मिनिटांत उरकतो! रील्समध्ये हे कोणाला खटकत नाही, कारण गाणं बहुधा मागून जोडलेलं असतं.

उलटंही चालत नाही. बालगंधर्वांची ७८ ची तबकडी एलपीच्या पिनेखाली घातलीत तर ते बारीक टोक रुंद चराच्या तळातल्या धुळीतून फरफटतं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरांत पिन उलटवायची छोटी खटकी असे, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. ती शोभेची नव्हती.

ओळखायचं कसं? लेबलवर वेग नसेल तर तबकडी हातात घ्या. १० इंची, जड, जराही न वाकणारी आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं असेल, तर लाख. पडली की तुकडे.

बाकीचे गैरसमज भराभर. ‘स्पिरिटने पुसली की लख्ख’: लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिश तसंच तर करतात. ‘आडव्या रचल्या तर वाकत नाहीत’: वाकतात. उभ्या ठेवा, लायब्ररी ऑफ काँग्रेसही हेच सांगते. ‘सीडीत लहरीचे तुकडे असतात, व्हायनलमध्ये अख्खी लहर’: सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की माणसाला ऐकू येणारी सगळी लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. गणितज्ञ शॅननने १९४९ सालीच यामागचं गणित मांडलंय. एलपी आवडते म्हणून ऐका ना, त्याला विज्ञान कशाला जुंपता? ‘जुनी म्हणजे लाखमोलाची’: गाजलेल्या सिनेमांच्या तबकड्या ढिगाने निघाल्या, त्यांना भाव कुठला?

आणि चोरबाजारातला चकाकत्या भोंग्याचा ‘ब्रिटिशकालीन’ ग्रामोफोन? बऱ्याचदा नवे-जुने भाग जुळवून केलेला. दिवाणखान्यात छान दिसेल, पण किंमत शोभेच्या वस्तूचीच द्या.