देवळालीचे गणितानंद

कागद-पेन्सिल घ्या आणि चार अंकी एखादी संख्या मांडा. चारही अंक एकसारखे नसावेत, एवढी एकच अट. आता तेच अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्याखाली चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून घ्या. हे फार तर सात वेळा केले की ६१७४ ही संख्या हाती लागते. आणि एकदा ती लागली की तिथून सुटका नाही. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च उरतात.

हा हातचलाखीचा प्रयोग नव्हे. गणिताच्या जगात या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलांना हे उदाहरण आजही सरावासाठी दिले जाते. त्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल की, ज्याचे नाव या संख्येला लागले तो कुठल्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता, त्याच्यापाशी डॉक्टरेट नव्हती आणि एम.ए.सुद्धा नव्हते? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर होते. १९३० साली त्यांनी हातात खडू घेतला आणि १९६२ साली तो खाली ठेवला. आकडे मात्र १९८६ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी खाली ठेवले नाहीत.

डहाणू ते देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू, पण पंचांग आणि कुंडली मांडणाऱ्या घरात आकडेमोड ही रोजची गोष्ट असते. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला वडिलांकडून आकड्यांची सोबत मिळाली असे म्हटले, तर चूक होणार नाही. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. शाळेत असतानाच कोडी सोडवण्यात आणि झटपट हिशेबाच्या युक्त्या शोधण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर परांजपे यांच्या नावाचे, विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठीचे पारितोषिक १९२७ मध्ये त्यांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. इथून पुढे परदेशी जाऊन रँग्लर होणे, निदान एम.ए. होऊन कॉलेजात शिकवणे, ही हुशार मुलांची त्या काळातली रूढ वाट. कापरेकर त्या वाटेने गेले नाहीत. ते देवळालीला गेले आणि शाळेत शिकवू लागले.

देवळाली म्हणजे नाशिकजवळची लष्करी छावणी, हवा खायला येणाऱ्यांचे गाव. या गावाच्या नावाची एक गंमत आहे. इंग्रजांच्या अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, आजार आणि कंटाळा यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. अर्थ सरळ आहे, वेडा. देवळालीचा हा अपभ्रंश आजही इंग्रजी शब्दकोशात आहे. ज्या गावाने साहेबाच्या भाषेला वेडासाठी शब्द पुरवला, त्याच गावात एक मास्तर आकड्यांचे वेड घेऊन बत्तीस वर्षे नांदला. आणि त्याने त्या गावाचे नाव गणितातही नेऊन ठेवले.

स्टेशन, हर्ष आणि स्वयंभू संख्या

कापरेकरांचे गणित जाडजूड ग्रंथांतून आलेले नव्हते. ते चालता-बोलता, प्रवासात, नदीकाठी बसून सुचलेले होते. आकड्यांना नावे ठेवण्याची त्यांची तऱ्हाही तशीच घरगुती. जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनाला तेव्हा ‘डेम्लो’ म्हणत. एका जातीच्या संख्यांचा विचार त्या स्टेशनात सुचला, म्हणून त्या झाल्या ‘डेम्लो संख्या’. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, ही चढून उतरणारी शिडी त्याच कुळातली. लोकलच्या गर्दीत रोज घुसमटणाऱ्या डोंबिवलीकरांनी आपले स्टेशन गणिताच्या कोशात आहे, हे एकदा तरी आठवावे.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षदच. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. खुद्द ६१७४ देखील हर्षद आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत याच संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञाच्या १९७७ मधल्या व्याख्यानावरून ‘निव्हेन संख्या’ असेही म्हणतात. पण संस्कृत नाव पुसले गेले नाही. परदेशी गणितज्ञही ‘हर्षद’ हा शब्द बिनदिक्कत वापरतात.

सर्वांत सुंदर कल्पना मात्र ‘सेल्फ नंबर्स’ची. आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणू. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५ मिळवली की २८ येतात. म्हणजे २३ ही २८ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. काहींना मात्र जनकच नसतो. २० कुठूनच निघत नाही, ३१ निघत नाही, ४२ निघत नाही. अशा आईबापांविना जन्मलेल्या संख्यांना कापरेकरांनी वेगळे काढले. त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव मिळाले. त्यांच्यावरची पुस्तिका त्यांनी १९६३ साली देवळालीहून छापली. योगायोग असा, की १९६३ ही स्वतःच स्वयंभू संख्या आहे. मास्तर शाळेत रुजू झाले ते १९३० साल, तेही स्वयंभूच. वाचकांनी जनक शोधून पाहावा, सापडणार नाही.

पोरखेळ म्हणावा काय?

१९४६ मध्ये ६१७४ ची गंमत कापरेकरांच्या ध्यानी आली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती सांगितली. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावरचा लेख आला. परंतु आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांच्याकडे बहुधा हसूनच पाहिले. आकड्यांशी चाळे करणारा मास्तर, एवढीच त्यांच्या लेखी किंमत. मोठ्या नियतकालिकांची दारे सहसा उघडत नसत. मग पदरमोड करून पुस्तिका छापायच्या, असा क्रम होता.

विद्वानांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. तो नीट समजून घेतला पाहिजे. रामानुजन यांना केंब्रिजला नेणाऱ्या प्रा. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशाच एका गमतीचा दाखला दिला आहे. उलट्या क्रमाने लिहिल्यावर होणाऱ्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१. कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण गणितज्ञाला त्यात काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय. कारण हे गुण संख्येचे नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धत वापरतो. आठ बोटे असती तर ६१७४ ला कोणी विचारले नसते.

आक्षेप वजनदार आहे, पण तो पुरता खरा नाही. ६१७४ चेच उदाहरण घेऊ. पहिली वजाबाकी केल्याबरोबर एक गोष्ट घडते. उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून राहते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणायचे, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करायची. बस्स. त्यामुळे हजारो संख्यांची गर्दी एका झटक्यात फक्त ५४ उत्तरांत येऊन बसते. पुढचा प्रवास या ५४ जणांचाच. तीन अंकी संख्यांचे असेच केले तर ४९५ वर मुक्काम पडतो. दोन अंकी आणि पाच अंकी संख्यांना मात्र असे एक गाव नाही, त्या चक्रात फिरत राहतात. असे का, हा प्रश्न पडला की खेळ संपतो आणि गणित सुरू होते.

त्यांच्या नावाच्या ‘कापरेकर संख्यां’चेही तसेच. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे दोन तुकडे करा, ८८ आणि २०९. बेरीज पुन्हा २९७. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. वरवर ही जादू. पण २९७ ला त्याच्या मागच्या २९६ ने गुणले तर गुणाकाराला ९९९ ने नि:शेष भाग जातो, आणि मर्म तिथे आहे. २००० साली डग्लस इयान्नुची या गणितज्ञाने दाखवून दिले की, या संख्यांचे नाते ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी आहे. मास्तरांनी उचललेला गोटा खडकाचाच तुकडा निघाला. खडक खोदणे त्यांच्या साधनांपलीकडचे होते, हे मान्य. पण वाटेवरचा नेमका तोच गोटा उचलण्याची नजर त्यांची होती.

पेन्शनीत निघालेले दिवस

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. शाळामास्तरची पेन्शन ती केवढी! तेवढ्यावर भागेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करणे आले. साठी उलटलेला हा माणूस सायकलवरून गावात हिंडून मुलांना शिकवत असे. उरलेल्या वेळात पुन्हा आकडे. दारुड्याला जसे त्या धुंदीतच राहावेसे वाटते तसे आपले आकड्यांच्या बाबतीत आहे, असे ते स्वतःच सांगत. ‘गणितानंद’ हे बिरुद त्यांना शोभून दिसले ते यामुळे.

आणि मग मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गाजलेल्या ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ या सदरात कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांची ओळख करून दिली. ते सदर जगभरचे गणितज्ञ आणि गणितवेडे डोळ्यांत तेल घालून वाचत. देवळालीच्या मास्तरांचे नाव रातोरात सातासमुद्रापार गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. आपल्या माणसाचे मोल आपल्याला साहेबाने सांगावे लागते, ही तक्रार जुनीच आहे, आणि इथेही ती खरी ठरली.

तरीही कापरेकरांचे आयुष्य म्हणजे उपेक्षेची करुण कहाणी, असे रंगवणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. उपेक्षा झाली, हातातोंडाची गाठ घालताना दमछाक झाली, हे खरे. पण आनंदासाठी त्यांना कोणाच्या शिफारसपत्राची गरज पडली नाही. आपल्याकडे लीलावतीपासून गणित आणि कोडे हातात हात घालून चालत आले. भास्कराचार्यांनी भुंगे, मोर आणि हंसांच्या गोष्टींतून हिशेब शिकवला. मधल्या काळात आपण गणिताला मार्कांच्या दावणीला बांधले आणि मुलांच्या मनात त्याची धास्ती भरली. कापरेकर त्या जुन्या, हसऱ्या घराण्यातले शेवटच्या काही जणांपैकी.

त्यांच्या गणिताला महागडी साधने लागत नाहीत. चौथीतल्या मुलाला येणारी बेरीज-वजाबाकी पुरते. पण त्या बेरीज-वजाबाकीतून ‘असे का होते?’ हा प्रश्न उभा राहतो आणि तो प्रश्न मोठ्या मोठ्यांना पुरून उरतो. त्यांचे १९०५ हे जन्मवर्ष घेऊन वजाबाक्या करत गेले तर ६१७४ ला पोचायला पुरती सात पावले लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. मृत्यूचे वर्ष १९८६ घेतले तर पहिल्याच पावलाला ८१७२ येतात आणि दोन्ही वाटा तिथे मिळतात. यात गूढ काही नाही, ५४ मुक्कामांच्या रस्त्यावर वाटा मिळायच्याच. गूढ नाही हे कळण्यातही एक आनंद असतो, आणि बत्तीस वर्षे मास्तर फळ्यावर तोच वाटत होते.

देवळाली आता नाशिकच्या विस्तारात मिसळत चालली आहे. तिथल्या किंवा कुठल्याही गावच्या शाळेत एखादे पोर गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत बसलेले असेल. शिक्षकाने त्याच्या हातून वही हिसकावण्याआधी ते पान एकदा वाचून पाहावे. कापरेकरांचे याहून चांगले स्मारक दुसरे कोणते होणार?