मांजरीची ॲलर्जी : दोष केसांचा की आणखी कशाचा?



आपल्या वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या पुष्कळ घरांत मांजर असते. धान्याच्या पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून. माझ्या वर्गातली एक मुलगी सारखी शिंकायची, डोळे चोळायची. तिची आई म्हणाली, "मॅडम, मांजरीचे केस नाकात जातात हिच्या. केसच कापून टाकते मी!" म्हणून हा लेख.

केस हे मूळ कारण नाही. मांजरीच्या शरीरात काही प्रथिने तयार होतात, त्यांची ॲलर्जी असते. त्यातले मुख्य म्हणजे 'फेल डी १'. मांजरीची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना याचाच त्रास होतो.

हे प्रथिन कुठे तयार होते?
१. त्वचेतील तेलग्रंथींत
२. लाळग्रंथींत
३. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींत

'फेल डी २' हे दुसरे प्रथिन रक्तात असते, तर 'फेल डी ४' मुख्यतः लाळेत. 'फेल डी १' बोक्यात जास्त असते. नसबंदी केली की कमी होते.

नाकापर्यंत कसे येते?
मांजर दिवसभर अंग चाटते. लाळ केसांवर वाळते, त्वचेचा कोंडाही झडतो. त्याचे बारीक कण हवेत तरंगतात. वर्गात कवडशात खडूची धूळ तरंगताना मुलांना दाखवा, लगेच समजेल. हे कण त्याहूनही बारीक असू शकतात. ते कपड्यांना चिकटून शाळेतही येतात. म्हणजे ज्याच्या घरी मांजर नाही, त्यालाही शेजारी बसणाऱ्यामुळे त्रास होऊ शकतो! मांजर घराबाहेर काढली तरी हे कण घरात काही महिने राहतात.

आता सांगा, केस कापून काय होणार? ग्रंथी तर आतच आहेत. बिनकेसाच्या मांजरीतही हे प्रथिन असतेच.

मग काय करावे?
मांजर मुलाच्या अंथरुणात येऊ देऊ नका. चादरी गरम पाण्याने धुवा. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मांजरीला हात लावला की हात धुवायला लावा.

एक मात्र लक्षात ठेवा. शिंका धुळीने, धान्याच्या भुशानेही येतात. त्यामुळे स्वतःच निदान करून मांजरीला शेतात सोडून येऊ नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करा. सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालये आपल्या जवळच आहेत. आणि मुलाला धाप लागत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर एक दिवसही थांबू नका.